रंगाखालची भेग

मित्रांनो, रस्त्यात एखादी जुनी, लांब नाकाची मोटार दिसली की तुम्ही काय बघता? तिचा चकाकता बंपर बघता, वाटोळे दिवे बघता, पिस्त्यासारखा हिरवा रंग बघता. मला कुणी बघत नाही. माझी जागा चाकाच्या मागे, अंधारात आणि चिखलात. अशाच एका मोटारीचा मी डावा वरचा हात. वय साठच्या पुढे, अंग पोलादाचं, आकार दोन फाट्यांच्या बेचकीसारखा.

मोटारीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला दोन हात धरून असतात. खालचा हात ओझं पेलतो. वरचा हात चाकाचं डोकं सांभाळतो. ते आत झुकू नये, बाहेर कलू नये, एवढंच त्याचं काम. गर्दीचा रस्ता ओलांडताना आई लेकराचं मनगट धरते ना, तसं मी चाकाला धरायचो. लेकराला वाटतं आपण एकटेच चाललोय. चाकालाही तसंच वाटतं. मनगट सुटलं तर काय होईल, हे फक्त धरणाऱ्या हाताला ठाऊक असतं.

आमची गाडी बंगळुरातल्या चामराजपेटेतली, जयसिंगराव नावाच्या पितळी भांड्यांच्या दुकानदाराची. घरात मराठी, दुकानात कन्नड, अशी चार पिढ्यांची वहिवाट. गाडी विकत घेतली ती जयसिंगरावांच्या वडिलांनी. तेव्हा जयसिंगराव बारा वर्षांचे होते. पहिल्या दिवशी ते गाडीखाली सरपटत शिरले आणि मला आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसलं. सदरा काळा झाला म्हणून त्यांनी मार खाल्ला. असा जीव लावणारा धनी मला लाभला.

त्या दुकानाची एक रीत होती. कुठलंही भांडं गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते बोटावर लटकवून पळीने वाजवायचं. भांडं धड असेल तर टण्ण करून आवाज निघतो आणि दूरवर जातो. कुठे केसाएवढी भेग असली तरी आवाज तिथल्या तिथे बसतो, बद्द होतो. हे काम जयसिंगरावांच्या बायकोचं, तुंगाबाईंचं. पन्नास वर्षं त्यांचा कान कधी चुकला नव्हता. चिंचेने भांडी घासता घासता त्या स्वतःशीच गुणगुणायच्या, आणि अंगणात उभ्या गाडीखाली मला ते ऐकू यायचं:

*घागर घेताना, बोटानं वाजवून बघावं,*
*झिलईच्या खाली, काय दुखतं पुसावं.*

माझं काय दुखतंय ते मात्र कुणी पुसत नव्हतं. त्याला कारण होतं त्या घरातलं प्रेम.

आयुधपूजा आली की बंगळुरात यंत्रांचा सण असतो. रिक्षा, बस, लेथ, शिलाईचं मशीन, सगळ्यांना आंघोळ, सगळ्यांना फुलं, चाकाखाली लिंबू. जयसिंगरावांची तर वेगळीच भक्ती. दरवर्षी आदल्या दिवशी ते आम्हा वरच्या दोन्ही हातांना स्वतः ब्रशने काळाभोर रंग द्यायचे. जुना रंग खरवडायचा नाही, वरूनच नवा थर. "न्हाऊ घातलं लेकराला," म्हणायचे. अशी पन्नास न्हाणी झाली. मी लठ्ठ दिसू लागलो, गुळगुळीत झालो. गाडीखाली बघणारा जो तो म्हणायचा, काय जपलंय.

गेल्या आयुधपूजेच्या दोन वर्षं आधी, पावसाळ्यात, एका पाहुण्याला के. आर. पुरमच्या स्टेशनवर सोडून जयसिंगराव एकटेच परत येत होते. पुलाच्या उतारावर डावं चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेलं. दणका माझ्या अंगातून आरपार गेला. मी तुटलो नाही, पण मुळाशी, बोल्टच्या भोकापाशी, बारीकशी भेग पडली. जयसिंगराव खाली उतरले, वाकून बघितलं, हाताने चाचपलं. रंग जाड होता, त्यांना काही लागलं नाही. घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी, सण नसताना, मला एकट्याला एक जादा थर मिळाला.

त्यानंतर गुडघा दुखतो म्हणून त्यांनी गाडीची किल्ली लेकीला, मेघाश्रीला दिली. फक्त दसऱ्याचा दिवस स्वतःकडे ठेवला. त्या दिवशी सगळ्या घराला घेऊन नंदीच्या टेकडीवर जायचं आणि वळणावळणाने खाली यायचं, आणि स्टिअरिंग त्यांच्याच हाती, हा नेम त्यांनी मोडला नाही.

भेग पडल्यापासून मी दर दिवशी थोडा थोडा उघडत होतो. मला तोंड नाही. मला फक्त चाक ओढता येत होतं. मेघाश्रीने ब्रेक दाबला की गाडी डावीकडे सरायची, ती माझीच हाक होती. टायरची आतली कड झिजायची, ती माझीच चिठ्ठी होती. सगळ्यांनी ती वाचली, पण अर्थ भलताच लावला. अलाइनमेंट बिघडलंय, म्हणाले.

गाडीचा मेकॅनिक गुंडूराव. दुकानाच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज, जयसिंगरावांना तो अण्णा म्हणतो. चाक सरळ करायला माझ्या आणि सांगाड्याच्या मध्ये पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालतात. गुंडूराव एक घाली, महिन्याने गाडी पुन्हा ओढे, तो आणखी एक घाली.

शेवटी गेल्या आयुधपूजेच्या आधी तो गाडीखालून बाहेर आला तो कपाळाला हात लावूनच. "अण्णा, पट्ट्यांपायी बोल्टला आटेच उरले नाहीत. गाडीला पट्ट्या घालतोय की वहीला पानं, मलाच कळेना झालंय. आणि ही गाडी जन्मली तेव्हाचे टायर वेगळे, आताचे वेगळे. आताच्या टायरना चाकाचं डोकं स्वल्प मागे झुकलेलं लागतं. या जुन्या हातांना तेवढं झुकताच येत नाही. मापाचे आहेत ते, ना लांबत ना आखडत."

"म्हणजे अ‍ॅडजस्टेबल आर्म्स लागणार," जावई श्रीरंग म्हणाला. श्रीरंग पुण्याचा, मारतहळ्ळीला कंपनीत कामाला. "मी सहा महिने हेच सांगतोय."

"सांगत होता जावईबापू, पण फोनकडे बघून सांगत होता. एकदा चाकाकडे बघून सांगा."

आम्हा दोघा भावांना, डाव्याला आणि उजव्याला, गाडीवरून उतरवलं. आमचं जुनं रबर काढलं, गोळ्यांचे जोड काढले. साठ वर्षांत पहिल्यांदा मी एवढा उजेड पाहिला. नवमीच्या सकाळी गॅरेजच्या दगडी कट्ट्यावर तीन जोड्या मांडल्या होत्या. पहिली श्रीरंगने परदेशातून मागवलेली, आरशासारखी चकचकीत. दुसरी गुंडूरावने ओळखीच्या दुकानातून आणलेली, काळी, साधी. तिसरी आमची, आदल्या दिवशी रंगवलेली. सगळ्यांत देखणे आम्हीच दिसत होतो.

मित्रांनो, आपल्या जागी कुणाला ठेवायचं याची चर्चा आपल्यासमोर चालावी, हे सोसणं सोपं नसतं. पण त्या सकाळी मी मनोमन एकच मागत होतो. कुणालाही घ्या, पण मला परत लावू नका.

गुंडूरावने चकचकीत जोडी उचलली, तिच्या जोडात बोट घालून फिरवलं. "हा गोळा उघडा आहे. शर्यतीच्या मैदानात याच्यासारखा दुसरा नाही. आपल्या रस्त्यावरची धूळ आत गेली की सहा महिन्यांत खडखडायला लागेल. आणि यात रबर कुठाय? प्रत्येक दणका थेट तुंगक्कांच्या कमरेत."

"पण याचे रिव्ह्यूज फोर पॉइंट एट आहेत," श्रीरंग म्हणाला.

"रिव्ह्यू लिहिणाऱ्याची सासू मागच्या सीटवर बसली होती का, तेवढं विचारून घ्या."

मेघाश्री हसली. श्रीरंगही हसला, पण फोन खिशात ठेवला.

मग गुंडूरावने काळी जोडी घेतली. तिच्या मधोमध आट्यांची एक नळी होती. ती फिरवली की हात लांबायचा, उलटी फिरवली की आखडायचा. मी टक लावून बघत राहिलो. मला जे जन्मभर जमलं नाही ते हा पोरगा एका पिळात करत होता. "अक्का, हे बघा," गुंडूराव मेघाश्रीला म्हणाला. वयाने लहान असली तरी गाडी चालवते म्हणून तो तिलाही अक्काच म्हणतो. "हात पूर्ण लांबवला तरी बोल्ट आपल्या जाडीच्या दीडपट आत राहतोय. हे आधी बघायचं. नळी आपोआप फिरू नये म्हणून वर दुसरा नट आहे. आत रबर आहे. आणि वेल्डिंग चारी बाजूंनी फिरवलंय, नुसते ठिपके दिलेले नाहीत. दिसायला काही नाही, पण घ्यायचा तर हा."

"सरी, चालेल," मेघाश्री म्हणाली. "मग आजच बसवा."

जयसिंगराव इतका वेळ मागे उभे होते. आता पुढे आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "नवे परवा बसवा. उद्या दसऱ्याची फेरी जुन्या हातांवरच होणार. माझ्या बापाने घेतलेलं लोखंड आहे हे. असं लोखंड आता मिळत नाही."

"अप्पा, गाडी ओढतेय डावीकडे," मेघाश्री म्हणाली.

"मला माहीत आहे ती कुठे ओढते ते. एका दिवसाचा प्रश्न आहे. पूजा यांची करायची आणि रस्त्यावर दुसऱ्यांना न्यायचं?"

गुंडूरावने मान हलवली. गॅरेज धुवायचं होतं, केळीचे खुंट बांधायचे होते, दारात चार रिक्षा पूजेसाठी उभ्या होत्या. "सरी अण्णा. एका दिवसाने काय होतंय. पूजा झाली की नवीन रबर घालून चढवतो."

काय होतंय ते मला ठाऊक होतं. माझ्या मुळाशी आता दोन बोटं लोखंड उरलं होतं. चार माणसं बसणार, टेकडी चढणार, आणि उतरताना डावं वळण, उजवं वळण, प्रत्येक वळणाला ब्रेक. प्रत्येक ब्रेकला सगळं ओझं पुढे येणार आणि चाकाचं डोकं माझ्या मुठीतून सुटू बघणार. तिसऱ्या वळणावर सुटेल की सातव्या, एवढंच मला सांगता आलं नसतं. जयसिंगरावांची बोटं माझ्यावरून फिरत होती, अगदी भेगेवरून फिरली, आणि पुढे गेली. एवढं प्रेमाचं बोट, आणि त्याला काही लागलं नाही.

तेवढ्यात तुंगाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, शेवंती, लिंबं, पळी, रांगोळीची डबी. त्यांनी आधी माझ्या भावाला घेतलं. भोकात बोट अडकवून उचललं, आणि ताटातल्या पळीने त्याला एक टिचकी दिली. मुद्दाम नाही. पन्नास वर्षांच्या सवयीने हात गेला, इतकंच.

रंगाच्या थरांतूनही त्याचा आवाज निघाला. लांबला, गल्लीपर्यंत गेला. तुंगाबाईंनी त्याला कुंकू लावलं आणि खाली ठेवलं.

मग मला उचललं. पळी लागली.

बद्द.

त्यांचा कुंकवाचा हात तसाच थांबला. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. बाजूला हवा भरायचं मशीन धडधडत होतं. "गुंडू, ते बंद कर," त्या म्हणाल्या.

मशीन थांबलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाजवलं, कान जवळ नेला. "हा बोलत नाही."

"रंग ओला असेल," जयसिंगराव म्हणाले.

"कालचा रंग. दोघांना एकाच डब्यातला."

"तुंगा, घागर आहे का ती? गाडीचा हात आहे."

"पन्नास वर्षं तुमच्याच दुकानात हा कान वापरला. तेव्हा कधी शंका घेतली नाहीत."

गुंडूराव हसत हसत आला. पान्याने त्याने भावाला वाजवलं, मला वाजवलं. पुन्हा भावाला, पुन्हा मला. त्याचं हसू हळूहळू गेलं. त्याने खरवडणी आणली.

थर निघू लागले. गेल्या वर्षीचा, त्याआधीचा, मेघाश्रीच्या लग्नाच्या सालचा, ती जन्मली त्या सालचा. इतक्या दसऱ्यांचे पापुद्रे कट्ट्याखाली पडले. शेवटी माझं खरं, राखी लोखंड उघडं झालं. गुंडूरावने मुळाशी डिझेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, कोरड्या फडक्याने पुसून टाकलं. मग तुंगाबाईंच्या ताटातली रांगोळी चिमटीत घेऊन माझ्यावर भुरभुरवली. पांढरी, कोरडी, पातळ.

सगळे वाकून बघत होते. रांगोळी पांढरीच राहिली.

"बघा," जयसिंगराव म्हणाले. "काही नाही. उगाच..."

"थांबा अण्णा."

मी सगळं बळ एकवटलं, असं म्हणायला मला आवडेल. खरं तर मी काहीच केलं नाही. भेगेत मुरलेलं डिझेल आपणहून वर येऊ लागलं. भोकापासून एक करडी रेघ निघाली, मुंग्यांच्या वाटेसारखी वाकडी. ती पुढे सरकली, कडेकडे वळली. तीन बोटं लांब झाली तेव्हा थांबली. पलीकडे उरलेलं लोखंड सगळ्यांना दिसलं.

बाहेर एका रिक्षाच्या चाकाखाली लिंबू फुटलं.

"उद्या यावर चौघं बसणार होतो अप्पा," मेघाश्री म्हणाली. आवाज चढला नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

श्रीरंग खाली बसून रेघ बघत होता. "ही आपोआप पडलेली नाही. कुठेतरी मोठा दणका बसलाय."

जयसिंगरावांनी रेघेच्या टोकाशी बोट ठेवलं. "के. आर. पुरमला," ते म्हणाले. "पुलाच्या उतारावर. दोन वर्षं झाली. खड्डा होता."

"एवढा खड्डा तुम्हाला दिसला नाही?" गुंडूरावने विचारलं. तो सहज विचारून गेला.

जयसिंगरावांनी उत्तर द्यायला फार वेळ घेतला. "नाही दिसला. डाव्या डोळ्याला कडेचं धुकट दिसतं. सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली काढून घेतली असती. म्हणून गुडघा म्हणालो. आणि हाताने चाचपलं होतं मी याला. काही लागलं नाही. म्हणून वर रंग दिला."

तुंगाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बोटाच्या पेराने त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर हलकेच टकटक केलं. "हे भांडं मी वाजवून बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मीच झिलईला भुलले."

जयसिंगराव हसायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग खिशातून दुसरी किल्ली काढली, दसऱ्यापुरती जपलेली, आणि मेघाश्रीच्या हातावर ठेवली.

त्या दिवशी सणामुळे अलाइनमेंटची दुकानं पूजेत होती. गुंडूरावने काळे हात चढवले आणि बापाकडून शिकलेल्या जुन्या पद्धतीने चाकांना दोरा लावला, ओळंबा सोडला. सगळ्यांना गाडीत बसवलं. "माणसं बसल्याशिवाय गाडीचं खरं माप कळत नाही," म्हणाला. स्टिअरिंगवर मेघाश्री, तिच्या डावीकडे जयसिंगराव. गाडी हाती आल्यापासून दसऱ्याच्या सणात ते पहिल्यांदाच त्या बाजूला बसले होते. नळी थोडी फिरवायची, ओळंबा बघायचा, पुन्हा फिरवायची. चाकाचं डोकं हळूहळू मागे झुकलं, दोन्हीकडे सारखं झालं. मग नट आवळले. पूजेच्या वेळी तुंगाबाईंनी नव्या हातांना कुंकू लावलं, आणि एक बोट मलाही. भेगेच्या बाजूला लावलं, भेगेवर नाही.

दसऱ्याला ते निघाले. मी कट्ट्यावर होतो. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब दिवस. काम करताना भीती वाटत नाही, काम दुसऱ्याच्या हाती दिल्यावर वाटते. नवा हात पहिल्या वळणावर कसा वागला असेल? दुसरा नट नीट आवळला होता ना? गल्लीत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज मी ऐकत होतो. दुपार कलली. शेजारचे लोक फिरून आले. आमची गाडी आली नाही.

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा ओळखीचा जाड आवाज गल्लीच्या तोंडाशी वळला. दारात ब्रेक लागला. गाडी जिथे थांबायची तिथे, नाक समोर ठेवून, सरळ थांबली.

"गुंडू, उतारावर हिने स्टिअरिंगवरचे हात सोडून दाखवले," जयसिंगराव उतरता उतरता म्हणाले. "गाडी रेघेवर चालल्यासारखी."

"सोडले नाहीत अप्पा, सैल केले," मेघाश्री म्हणाली.

"या बाजूने टेकडी वेगळीच दिसते," ते तिला म्हणाले. "पूर्वी नुसता रस्ताच बघत होतो. तोही धड दिसत नव्हता."

पुढे त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते पहिल्यांदा गॅरेजात आले, ते माझ्यासाठी रंगाचा डबा घेऊन. मला नवा थर देऊन देवघरात ठेवायचं, असं त्यांच्या मनात होतं. तुंगाबाईंनी डबा काढून घेतला. "भेग दिसू दे," म्हणाल्या.

आता मी गॅरेजच्या दारात टांगलेलो आहे. रंग नाही, फुलं नाहीत, फक्त गंज चढू नये म्हणून तेलाचा हात. शेजारी माझा भाऊ, आणि दोघांच्या मध्ये दोरीला बांधलेली ती पळी. जुनी गाडी घेऊन जो येतो त्याला गुंडूराव आधी आम्हा दोघांना वाजवायला लावतो. मग म्हणतो, "आता आत या, तुमच्या गाडीचा ऐकू." जयसिंगरावही आठवड्यातून एकदा येतात, मला वाजवतात, मान हलवतात आणि गुंडूरावबरोबर कॉफी पितात.

जे तुम्हाला आवडतं त्याला नुसतं सजवू नका, मित्रांनो. सायकल असो, आजोबा असोत, अधूनमधून जवळ जा, थांबा, काय दुखतंय ते विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर रांगोळी टाकून वाट बघतात तशी वाट बघा.

आणि चामराजपेटेत आलात तर मला वाजवा. भावाइतका गोड मी वाजणार नाही. मला टांगलंय ते त्यासाठीच.